वेगळी चूल की एकत्र संसार? स्कॉटलंडचं तीनशे वर्षांचं भांडण आणि साल्टनचा फ्लेचर

२०१४ च्या सप्टेंबरात माझा मामेभाऊ लंडनहून चार दिवस एडिंबराला फिरायला गेला होता. परतताना खिशात दहा पौंडांची एक स्कॉटिश नोट राहिली. लंडनच्या दुकानदाराने ती उलटीपालटी करून पाहिली, उजेडाला धरली आणि शेवटी मॅनेजरला हाक मारली. भावाने मला नोटेचा फोटो पाठवला. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची नोट. राणीच्या जागी केसांचा लांबलचक टोप घातलेला कुणी गृहस्थ. खाली भावाचा प्रश्न: "हा टोपवाला कोण? आणि हा देश आहे की राज्य, एकदाचं सांग."

प्रश्न रास्त होता. १८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडमध्ये 'स्वतंत्र व्हायचं का' यावर मतदान झालं. सुमारे ५५ टक्के लोकांनी नको म्हटलं, ४५ टक्क्यांनी हवं म्हटलं. विषय मिटला असं वाटलं, पण मिटला नाही. पुन्हा मतदान घ्यायचं तर ते स्कॉटलंडची संसद स्वतःच्या अधिकारात घेऊ शकत नाही, असं २०२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तरीही निवडणूक आली की हा विषय पुन्हा वर येतो. फुटबॉलचा संघ वेगळा, न्यायालयं वेगळी, नोटाही वेगळ्या. मग अडकलंय कुठे?

अडकलंय १७०७ मध्ये. मराठी माणसाला हे साल अहमदनगरला झालेल्या औरंगजेबाच्या मृत्यूमुळे आणि शाहू महाराजांच्या सुटकेमुळे ठाऊक असतं. त्याच वर्षी १ मे रोजी (होय, आपल्या महाराष्ट्र दिनाचीच तारीख) स्कॉटलंड आणि इंग्लंड मिळून ग्रेट ब्रिटन हे एक राज्य झालं आणि स्कॉटलंडची संसद बंद पडली. हे कसं घडलं ते एका तिरसट जमीनदाराच्या आयुष्यातून छान कळतं. त्याचं नाव अँड्र्यू फ्लेचर.

एक पाटील, दोन गावं

समजा, दोन शेजारची गावं आहेत, एक थोरलं, एक धाकटं. धाकट्या गावच्या पाटलाला थोरल्या गावचं वतनही वारशाने मिळालं. थोरल्या गावचा वाडा मोठा, वसूल मोठा, म्हणून पाटील तिकडेच राहायला गेला. धाकट्या गावची चावडी आणि हिशेबाची वही वेगळीच राहिली. पण चावडीवर कोणाला बसवायचं, हे पाटील आता थोरल्या गावच्या मंडळींना विचारून ठरवू लागला.

१६०३ मध्ये हेच झालं. इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि तिचं राज्य स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्याकडे गेलं. दर तीन वर्षांनी परत येईन, असं आश्वासन देऊन तो लंडनला गेला आणि पुढच्या बावीस वर्षांत एकदाच आला, १६१७ मध्ये. मुकुट एक, संसदा दोन, कायदे दोन. एडिंबरात संसद भरत होती, पण तिथल्या मंत्र्यांच्या नेमणुका लंडनच्या दरबारात ठरत होत्या. स्कॉटलंडची वस्ती तेव्हा सुमारे दहा लाख आणि इंग्लंडची तिच्या पाचपट, त्यामुळे दरबारात कोणाचं ऐकलं जायचं हे सांगायला नको.

हा बंदोबस्त शंभर वर्षं चालला. फ्लेचरचं सगळं राजकारण एका वाक्यात सांगायचं तर असं: नेमणुका ज्याच्या हातात, देश त्याचा.

'साल्टनचा' म्हणजे काय?

फ्लेचर जन्मला १६५३ च्या सुमारास, एडिंबराच्या पूर्वेला असलेल्या साल्टन गावात. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराला 'लेअर्ड' म्हणतात आणि त्याच्या नावापुढे गावाचं नाव लागतं. लेअर्ड म्हणजे सरदार नव्हे. सरदाराला संसदेत जन्मसिद्ध जागा असायची, लेअर्डला आपल्या परगण्यातल्या इतर जमीनदारांच्या मतांवर निवडून यावं लागे. आपल्याकडचा इनामदार डोळ्यांसमोर आणा, साधारण चित्र जुळेल. जमीन नसलेल्या माणसाला मत नव्हतं, हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

ओळखणाऱ्यांनी त्याचं वर्णन करून ठेवलंय: बुटका, सडपातळ, सावळा, चेहरा कायम आंबट आणि अंगात नुसता जाळ. १६७८ मध्ये तो पहिल्यांदा निवडून आला आणि आल्या आल्या राजाच्या कारभाऱ्याशी भांडला. पुढे राजाच्या भावाशीही बिनसलं. हा भाऊ पुढे स्वतः राजा होणार होता, त्यामुळे फ्लेचरला देश सोडून हॉलंड गाठावं लागलं.

१६८५ मध्ये त्या नव्या राजाविरुद्ध आधीच्या राजाच्या अनौरस मुलाने, ड्यूक ऑफ मॉन्मथने, बंड केलं. फ्लेचर त्याच्या घोडदळात होता. सैन्य इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम इथे उतरलं. घोडे कमी, घाई फार. फ्लेचरने एक चांगला घोडा बघितला आणि न विचारता त्यावर मांड ठोकली. घोडा आणला होता डेअर नावाच्या माणसाने. हा सोनार त्या भागातला वजनदार माणूस होता आणि बंडाचे पैसेही सांभाळायचा. शब्दाला शब्द वाढला, डेअरने काठी उगारली आणि फ्लेचरने पिस्तूल काढून त्याला जागीच मारलं. बंडाला दोन-चार दिवस झाले नव्हते, तोच आपल्याच खजिनदाराचा खून! मॉन्मथने त्याला जहाजात बसवून घालवून दिलं. गंमत अशी की त्यामुळेच तो वाचला. बंड चिरडलं गेलं आणि मॉन्मथचं मुंडकं उडालं. फ्लेचर तोवर स्पेनच्या तुरुंगात पोचला होता. तिथून सुटून तो हंगेरीत तुर्कांविरुद्ध लढला. मागे साल्टनची इस्टेट जप्त झाली होती. १६८८ मध्ये राजा बदलला तेव्हा तो परतला आणि १६९० मध्ये त्याला इस्टेट परत मिळाली.

असा माणूस पुढे कायद्याच्या राज्यावर लिहितो, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. हातात सत्ता आलेला माणूस रागाच्या भरात काय करतो, हे त्याला आतून ठाऊक होतं.

दारिएन: बुडालेली भिशी

१६९५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने एक व्यापारी कंपनी काढली, ईस्ट इंडिया कंपनीच्या धर्तीवर. नाव लांबलचक, थोडक्यात 'कंपनी ऑफ स्कॉटलंड'. लंडनच्या व्यापाऱ्यांनी दबाव आणून इंग्लंडमधलं भांडवल रोखलं. मग चिडून स्कॉटलंडनेच सगळे पैसे उभे करायचे ठरवले. सुमारे चौदाशे जणांनी मिळून ४ लाख पौंडांचे भाग घेतले. सरदार, वकील, विधवा, अख्खी नगरं! फ्लेचरने हजार पौंड लिहिले. गावातल्या प्रत्येक घराने एकाच भिशीत पैसे घालावेत, तसं झालं.

पैसे लावायचे कुठे, तर पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर दारिएन इथे वसाहत करायची आणि दोन महासागरांमधला माल तिथून खुष्कीने न्यायचा. कल्पना मूर्ख नव्हती, दोनशे वर्षांनी तिथल्याच भूमीवर पनामा कालवा झाला. पण जुलै १६९८ मध्ये पाच जहाजांतून गेलेली सुमारे १२०० माणसं तापाने पटापट मेली. स्पेन त्या जमिनीवर हक्क सांगत होता. इंग्लंडच्या राजाला स्पेनशी भांडण नको होतं, म्हणून त्याने शेजारच्या इंग्रज वसाहतींना या लोकांना मदत करायची बंदी केली. आणि हा इंग्लंडचा राजा म्हणजे स्कॉटलंडचाही राजाच होता! एकाच माणसाच्या नावाने कंपनी निघाली आणि त्याच माणसाच्या हुकमाने तिचं पाणी तोडलं गेलं. १७०० पर्यंत सगळं संपलं. जवळपास दोन हजार माणसं गेली.

एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंतही येतो. कंपनीचं 'स्पीडी रिटर्न' नावाचं जहाज हिंदी महासागरात बेपत्ता झालं. १७०४ मध्ये 'वुस्टर' हे इंग्रज जहाज स्कॉटलंडच्या बंदरात आलं, तेव्हा त्याच्या खलाशांनीच 'स्पीडी रिटर्न' मलबार किनाऱ्यावर लुटलं, अशी हूल उठली. पुरावा तकलादू, पण लोक खवळलेले. एप्रिल १७०५ मध्ये कप्तान ग्रीन आणि त्याच्या दोघा साथीदारांना लीथच्या वाळूवर फाशी दिलं. 'स्पीडी रिटर्न' प्रत्यक्षात मादागास्करला चाच्यांनी पळवलं होतं.

म्हणजे फ्लेचरला इंग्लंडशी काडीमोड हवा होता?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते, आजही.

१७०२ मध्ये गादीवर आलेल्या राणी ॲनचं शेवटचं मूल त्याआधीच, १७०० मध्ये, वारलं होतं. इंग्लंडने १७०१ मध्ये परस्पर ठरवून टाकलं की पुढचा वारस जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याचा. स्कॉटलंडला विचारलंही नाही. १७०३ मध्ये फ्लेचर पुन्हा निवडून आला, तेव्हा तो पन्नाशीत होता. त्याने सभागृहात बारा अटी मांडल्या. म्हणणं साधं: तोच राजा घ्यायचा तर घ्या, पण त्याचे हात आधी बांधा. संसद दर वर्षी निवडावी. तिने मंजूर केलेला कायदा राजाने अडवू नये. युद्ध आणि तह संसदेच्या संमतीनेच व्हावेत. संसदेला न विचारता खडी फौज ठेवू नये, त्याऐवजी सोळा ते साठ वयाच्या पुरुषांकडे शस्त्रं असावीत. सगळी पदं आणि पेन्शनी संसदेने द्याव्यात. आणि राजाने अट मोडली तर त्याची गादी जप्त!

पाटील एकच राहू दे, फक्त कुलकर्णी आम्ही नेमणार, असा हा हिशेब. बारा अटी जशाच्या तशा मंजूर झाल्या नाहीत. पण संसदेने एक कायदा केला: व्यापार, धर्म आणि कारभार यांची हमी मिळाली नाही, तर राणीच्या मागे आम्ही इंग्लंडपेक्षा वेगळा वारस निवडू. लंडनला घाम फुटला. तिकडे फ्रान्सशी युद्ध पेटलेलं, आणि उत्तरेला फ्रान्सधार्जिणा राजा बसला तर? १७०५ मध्ये इंग्लंडने उलट कायदा केला. वाटाघाटी सुरू करा, नाहीतर नाताळापासून तुमचे लोक इथे परके ठरतील आणि तुमची गुरं, कोळसा, लिननचं कापड इथे विकता येणार नाही.

आता दोन शब्द समजून घेऊ, मग पुढे कठीण काही नाही. 'संघ' म्हणजे वाडा एक, चुली दोन: परराष्ट्र आणि युद्ध सामाईक, बाकी संसार आपापला. 'विलीनीकरण' म्हणजे एकच चूल आणि एकच तिजोरी. जवळीक हवी म्हणणाऱ्या बऱ्याच स्कॉट लोकांच्या मनात पहिला प्रकार होता. लंडनला दुसराच हवा होता. लंडनमध्ये दोन्हीकडचे एकतीस-एकतीस प्रतिनिधी बसले आणि १७०६ च्या जुलैत पंचवीस कलमी तह तयार झाला. हे प्रतिनिधी नेमले राणीने. ते संसदेने नेमावेत असा आग्रह धरलेला असताना, १ सप्टेंबर १७०५ च्या संध्याकाळी, निम्मे विरोधक घरी गेलेले पाहून, विरोधकांचा पुढारी म्हणवणाऱ्या ड्यूक ऑफ हॅमिल्टननेच राणीला तो अधिकार देण्याचा ठराव मांडला. फ्लेचरचा संताप कल्पनेवर सोडतो.

मतं विकली गेली का?

स्कॉटलंडमध्ये आजही हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस सरसावून बसतो. माझं उत्तर: काही विकली गेली, पण तेवढ्यावर हे घडलं नाही.

लंडनहून २०,००० पौंड गुपचूप आले, 'थकलेले पगार' या नावाखाली. त्यातले १२,००० हून जास्त एकट्या ड्यूक ऑफ क्वीन्सबेरीला गेले, म्हणजे राणीच्या प्रतिनिधीलाच. यादीत सगळ्यात खाली लॉर्ड बँफचं नाव आहे: ११ पौंड २ शिलिंग. ते दोन शिलिंग वाचले की मला त्या माणसाची कीवच येते.

खरी मोठी रक्कम कलमातच लिहिलेली होती, उघडपणे: ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग. तर्क असा की इंग्लंडवर आधीचं कर्ज आहे, एकत्र आल्यावर ते फेडायला स्कॉटलंडचाही कर जाणार, म्हणून आगाऊ भरपाई. यातला मोठा भाग दारिएनच्या भागधारकांना व्याजासह परत द्यायचा होता. म्हणजे बुडालेली भिशी परत मिळणार, पण चावडीला कुलूप लावायला हात वर केला तरच! सभागृहातल्या अनेकांचे पैसे त्या भिशीत होते. फ्लेचरचेही होते. त्याने तरीही विरोधात मत दिलं.

बाहेर रस्त्यावर दंगे होत होते, डम्फ्रीसमध्ये तहाची कलमं चौकात जाळली गेली. परगण्यांतून अर्जांचे गठ्ठे आले, ते विरोधाचेच. ४ नोव्हेंबर १७०६ ला पहिलं कलम ११६ विरुद्ध ८३ मतांनी मंजूर झालं, आणि १६ जानेवारी १७०७ ला सगळा तह. पुढच्या ऑगस्टमध्ये भरपाईच्या बारा गाड्या शिपायांच्या पहाऱ्यात एडिंबरात शिरल्या, तेव्हा लोकांनी दगड मारले. पेट्या उघडल्यावर कळलं की नाणी फक्त लाखभर पौंडांची, बाकी कागदी हुंड्या.

पण स्कॉटलंडचं भलंच झालं ना?

झालं, आणि ते नाकारणं खोटेपणाचं होईल. लगेच नाही, पण पन्नासेक वर्षांत इंग्रज वसाहतींचे बाजार स्कॉट लोकांना खुले झाले. ग्लासगो तंबाखूवर गब्बर झालं. ईस्ट इंडिया कंपनीत तर स्कॉट तरुणांची रांगच लागली. पेशवाई बुडवल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन, त्याच्यानंतर आलेला माल्कम, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ, हे सगळे स्कॉट. ज्यांना दारिएनमध्ये स्वतःचं साम्राज्य जमलं नाही, त्यांनी दुसऱ्याच्या साम्राज्यात चांगल्या जागा मिळवल्या.

फ्लेचरचा आक्षेप मात्र नफ्यातोट्याचा नव्हता. नव्या संसदेत स्कॉटलंडला ५५८ पैकी ४५ जागा मिळाल्या. एकट्या कॉर्नवॉल परगण्याला ४४ होत्या! कराच्या वाट्याच्या मानाने ४५ जागा जास्तच होत्या, असं तहाचे समर्थक म्हणत, आणि ते खरंही होतं. पण जिथे ५१३ मतं एकीकडे आहेत, तिथे ४५ काय आणि ६५ काय. त्याहून खोल गोष्ट त्याने लिहून ठेवली होती. साऱ्या बेटाचा पैसा आणि सत्ता आग्नेय कोपऱ्यातल्या एका शहरात ओढली जाणं हे अनैसर्गिक आहे, असं तो म्हणाला. लंडनबद्दलची ही तक्रार आज इंग्लंडच्या उत्तरेकडचे इंग्रजही करतात.

एक गोष्ट तहाने राखली: स्कॉटलंडचा कायदा, न्यायालयं आणि चर्च. म्हणूनच ती आजही वेगळी आहेत. संसद मात्र गेली, आणि १९९९ मध्ये पुन्हा उघडली ती लंडनच्या संसदेने केलेल्या कायद्याने. २०२२ च्या निकालाचं मूळ इथे आहे. विकून टाकलेल्या वाड्यात पुढे एक खोली भाड्याने मिळाली, तर भिंत पाडायला मालकाची परवानगी लागते. ही उपमा दोन्ही बाजूंना झोंबेल, पण मला याहून जवळची सापडली नाही.

मग हा लोकशाहीचा शिलेदार होता?

इथे जपून. १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये ओळीने पिकं बुडाली. १६९८ मध्ये फ्लेचरने लिहिलं की दारोदार भीक मागणारे दोन लाख लोक आहेत. आकडा अंदाजाचा, पण दुष्काळ खरा. दुर्दशेचं मूळ त्याने बरोबर हेरलं: वाढवलेला खंड, आणि तो धान्यात उकळण्याची रीत. जमीनदार असून जमीनदारांवर बोट ठेवलं.

आणि उपाय काय सुचवला? भिकाऱ्यांना कायद्याने जमीनदारांमध्ये वाटून द्यावं. मालकाने त्यांना खाऊ-पिऊ घालावं, मुलांना शिकवावं. त्यांनी जन्मभर राबावं, मुलांनीही. मालकाला त्यांना दुसऱ्याकडे सोपवता यावं. आणि तीन-चारशे नाठाळ निवडून व्हेनिसला जहाजावर वल्ही मारायला पाठवावेत. राजाचे हात बांधा म्हणणारा माणूस गरिबाच्या पायात बेडी घालायला निघाला होता. 'तो काळच तसा होता' असं म्हणून त्याला सोडायला मी तयार नाही, कारण त्या काळीही ही सूचना मंजूर झाली नाही. मात्र कोळसा आणि मीठ काढणाऱ्या स्कॉट मजुरांना खाणीशी बांधून ठेवणारा कायदा १६०६ पासून होताच, आणि अठरावं शतक संपेपर्यंत तो पुरता गेला नाही. फ्लेचरच्या 'देशा'त कोण मोजलं जायचं ते यातून दिसतं: ज्याच्याकडे जमीन, तो.

टोपवाल्याचं उत्तर

१७०८ मध्ये फ्रेंच आरमार स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर येऊन गेलं, तेव्हा संशयावरून फ्लेचरला पकडून स्टर्लिंगच्या किल्ल्यात ठेवलं आणि मग सोडलं. राजकारण संपलं होतं. १७१० मध्ये साल्टनच्या फ्लेचर मंडळींनी जेम्स मीकल नावाच्या कारागिराला हॉलंडला पाठवलं, जवाची साल काढणारी गिरणी कशी चालते ते पाहून यायला. ती गिरणी साल्टनला उभी राहिली. लग्न त्याने केलं नाही. विचारलं तर म्हणे, "माझी व्हायची ती बायको भावाने केली." १७१६ मध्ये तो लंडनमध्ये वारला. पुरायला मात्र साल्टनला आणला.

त्याच भावाचा मुलगा, त्याचंही नाव अँड्र्यू फ्लेचर, पुढे न्यायाधीश झाला: लॉर्ड मिल्टन. काका ज्या तहाशी भांडला, त्या तहानंतरच्या स्कॉटलंडमध्ये नेमणुका कोणाला द्यायच्या हे लंडनच्या वतीने अनेक वर्षं पाहणारा माणूस तोच. त्याचा आश्रयदाता होता लॉर्ड आयले, तहाच्या वाटाघाटी करणाऱ्या एकतीस स्कॉट प्रतिनिधींपैकी एक. भरपाईपोटी दिलेले कर्जरोखे ज्यांच्याकडे होते त्यांची एक कंपनी झाली, आणि तिच्यातून १७२७ मध्ये बँक निघाली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड. पहिला गव्हर्नर लॉर्ड आयले.

नोटेवरचा टोपवाला तोच. भावाला मी हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं एका ओळीत उत्तर आलं: "मॅनेजरने घेतली शेवटी. सँडविच आणि चहा घेतला, सुट्टे मिळाले त्यात राणी आहे."